अकरा टेकड्या आणि शेवाळ्यांचं अर्धं वाक्य

मी मंगळावर कधीही गेलेले नाही. हे आधीच सांगून टाकते, कारण बिबवेवाडीतल्या आमच्या सोसायटीत माझी ओळख ‘या रामटेके मॅडम, या मंगळावर होत्या’ अशी करून दिली जाते आणि समोरचा माणूस ‘अच्छा, हवा कशी आहे तिकडची?’ असं विचारून मोकळा होतो. सुरुवातीला मी खुलासा करायचे. आता ‘कोरडी आहे’ एवढंच सांगते. ते खरंही आहे.

माझं काम नकाशे करण्याचं. मंगळाभोवती वेगवेगळ्या देशांची यानं फिरतात, ती छायाचित्रं पाठवतात. पुण्यातल्या एका संस्थेत, जिची लिफ्ट मी रुजू झाले तेव्हा बंद होती आणि निवृत्त झाले तेव्हा पुन्हा बंद होती, आम्ही काही माणसं ती छायाचित्रं बघून ठरवायचो की इथे लाव्हा वाहिला, इथे थांबला, हा थर आधीचा, तो नंतरचा. प्रत्येकाला वेगळा रंग द्यायचा, सीमा आखायच्या, खाली सूची लिहायची, झाला नकाशा. ऐकायला सोपं वाटतं. करायला बसलं की एका ज्वालामुखीत माणसाचे केस पांढरे होतात.

कारण तिथले ज्वालामुखी आपल्या मापाचे नाहीत. ऑलिंपस मॉन्स नावाचा जो सर्वांत मोठा आहे, तो एव्हरेस्टच्या दोन-अडीच पट उंच आहे आणि त्याचा पायथा पुण्यात सुरू झाला तर अमरावतीच्या आसपास संपेल. उतार मात्र इतका सावकाश की त्याच्यावर उभं राहिलात तर आपण डोंगरावर आहोत हे कळणारही नाही. मी हे कोथरूडच्या एका शाळेत सांगितलं तेव्हा मागच्या रांगेतले एक शिक्षक उठून म्हणाले, ‘‘कळतच नसेल, तर मोठा म्हणायचं कशाला?’’ मी उत्तर द्यायला तोंड उघडेपर्यंत ते समाधानाने खाली बसले होते. पुण्यात प्रश्न विचारणाऱ्याला उत्तराची फारशी गरज नसते.

लोक कामासाठीही यायचे. आमच्याच गल्लीत मोटार ट्रेनिंग स्कूल चालवणारे एक भिलारे म्हणून आहेत. त्यांनी मंगळावर एक एकर जागा विकत घेतली होती, इंटरनेटवरून. रंगीत प्रमाणपत्र घेऊन ते एका रविवारी घरी आले.

‘‘मॅडम, सातबारा कुठे मिळेल?’’

‘‘मिळणार नाही.’’

‘‘बरं, राहू द्या. जागा बघून तरी सांगा. रस्ता लागून आहे का?’’

मी प्रमाणपत्रावरचे अक्षांश-रेखांश बघितले. योगायोगाने जागा आमच्याच नकाशाच्या हद्दीत येत होती, एका ज्वालामुखीच्या उतारावर.

‘‘ज्वालामुखी चालू आहे की बंद?’’ भिलाऱ्यांनी विचारलं.

‘‘बंद असावा.’’

‘‘असावा म्हणजे? तुम्ही सरकारी पगार घेता ना?’’

मी त्यांना सांगितलं की तुमची जागा एका टेकडीवर आहे, समोर मोकळं पठार आहे. ते खूश होऊन गेले आणि दुसऱ्या दिवशी त्यांनी पेढे पाठवले. ती टेकडी नव्हती. पण ते मला कळायला बरीच वर्षं जायची होती, आणि ज्या माणसाला ते तेव्हाच कळलं होतं त्याला मी गप्प बसवलं होतं. खरं तर मला त्या माणसाविषयीच लिहायचं आहे.

त्यांचं नाव शेवाळे. आमच्या विभागात ते आरेखक होते. आधी जमिनीवरचे नकाशे हाताने काढायचे. मग संगणक आला, तोही शिकले. यान एका फेरीत जमिनीची एक लांब पट्टी टिपतं. अशा कितीतरी पट्ट्या शेजारी शेजारी जोडून एक अखंड चित्र बनवायचं, उजळ-गडद सारखं करायचं, सांधा दिसू द्यायचा नाही, हे शेवाळ्यांचं काम. त्यांनी जोडलेलं चित्र बघून परदेशातले पाहुणेसुद्धा सांधा शोधत बसायचे. शेवाळे मागे उभे राहून चहा पीत असायचे.

आता धंद्यातली एक गोष्ट सांगते, म्हणजे पुढचं सगळं समजेल. वरून काढलेल्या चित्रात उंच काय आणि खोल काय हे डोळा सावलीवरून ठरवतो. उजेड वरून येतो अशी आपल्या डोळ्याला जन्मापासून सवय. त्यामुळे नकाशा काढणारे डोंगराला छटा देताना उजेड नेहमी वरच्या डाव्या कोपऱ्यातून, म्हणजे वायव्येकडून येतो असं धरतात. पुण्यातून बघितलं तर भर दुपारी सूर्य वायव्येला सहसा नसतो. पण नकाशात तो तिथेच असतो, कारण नियम आहे, आणि पुण्यात सूर्यानेसुद्धा नियम पाळावा अशी अपेक्षा असते. गंमत अशी की उजेड खालून आलेला असला तर डोळा फसतो. खड्ड्याची टेकडी दिसते, टेकडीचा खड्डा. नुसतं दिसत नाही, खात्री पटते. म्हणून प्रत्येक छायाचित्रासोबत माहितीची एक चिठ्ठी येते. छायाचित्र कधी काढलं, यान कुठे होतं, सूर्य कुठल्या बाजूला होता, सगळं त्यात असतं. नकाशा रंगवण्याआधी ती चिठ्ठी उघडून बघायची, हा आमचा पहिला धडा. मी तो कितीतरी जणांना शिकवला आहे.

आमच्या वाट्याला आलेल्या नकाशापत्रात, म्हणजे मंगळाच्या नकाशाच्या एका तुकड्यात, एका मोठ्या ज्वालामुखीचा दक्षिण उतार होता. त्या उतारावर मला एका ओळीत छोट्या छोट्या टेकड्या दिसल्या. मोजल्या, अकरा भरल्या. लाव्हाचे छोटे उद्रेक होऊन अशा टेकड्या तयार होतात, आणि त्या एका रेषेत असल्या तर खाली जमिनीला भेग असणार असा अर्थ निघतो. हे कुणी आधी म्हटलेलं नव्हतं. मला रात्रंदिवस दुसरं काही सुचेना. सगळ्या नोकरीत माझं नाव पहिलं असलेलं ते एकच नकाशापत्र होणार होतं.

आमचे विभागप्रमुख, ज्यांना सगळे नुसते ‘सर’ म्हणत, त्यांनाही टेकड्या आवडल्या. ‘‘अकरा,’’ ते म्हणाले. ‘‘शुभ आकडा आहे. रामटेके, बारावी शोधू नका.’’ प्रकाशनाला दिल्लीहून पाहुणे येणार होते, तारीख ठरली होती, आणि शाली आणायला माणूस गेला होता.

त्या आठवड्यात शेवाळे माझ्या टेबलापाशी आले. हात मागे बांधून उभे राहिले.

‘‘म्याडम, ही टेकाडं न्हाईत. खड्डे हायेत.’’

मी मान वर न करता विचारलं, ‘‘कशावरून?’’

‘‘ही पट्टी म्या जोडलीया. शेजारच्या सगळ्या दुपारच्या हायेत, ही येकटी सकाळची. उजेड उलटा हाय. पण म्याडम, हे टोकाचं...’’

‘‘झालं तुमचं?’’ मी म्हणाले.

‘‘झालं’’ म्हणून ते निघून गेले.

मी चिठ्ठी उघडून बघायला हवी होती. दोन मिनिटांचं काम. पण मला दोन गोष्टींचा राग आला होता. एक म्हणजे माझ्या टेकड्या कुणी खड्ड्यात घालत होतं. आणि दुसरं म्हणजे ते शेवाळे होते, दहावी झालेले आरेखक, आणि मी डॉक्टरेट. हे लिहिताना मला लाज वाटते. मी भंडाऱ्याची. पुण्यात शिकायला आले तेव्हा सदाशिव पेठेत खोली बघायला गेले होते. मालकीणबाईंनी मोठ्या अदबीने ‘‘आपलं आडनाव?’’ विचारलं. मी सांगितलं, आणि खोली कालच दिल्याचं त्यांना एकाएकी आठवलं. पुढे नोकरीत बैठकांमध्ये मी बोलायला लागले की कुणीतरी ‘‘हं, मुद्दा आला लक्षात’’ म्हणायचं आणि तोच मुद्दा दहा मिनिटांनी दुसऱ्याच्या नावावर जमा व्हायचा. अर्धं राहिलेलं वाक्य घरी घेऊन जाणं म्हणजे काय, हे मला कुणी शिकवायची गरज नव्हती. तरी संधी मिळाल्याबरोबर मी तेच केलं, आणि तेही किती सफाईने.

दोन दिवसांनी शेवाळ्यांनी एका ओळीचा अर्ज दिला. नकाशापत्राच्या तळाशी ‘आरेखन’ असं लिहून जे नाव येतं, ते आपलं घालू नये. कारण दिलं नव्हतं. कार्यालयात हसू फुटलं. मंगळाचा राजीनामा देणारा पहिला माणूस, असं म्हणत लोक मुद्दाम त्यांच्या टेबलावरून जाऊ लागले. सर हसले नाहीत. पाहुण्यांनी ‘आरेखन कुणाचं?’ विचारलं तर काय सांगायचं, या विचाराने ते चिडले होते. त्यांनी शेवाळ्यांची बदली भांडारात केली. ज्या माणसाच्या हातचा सांधा परदेशी पाहुण्यांना सापडत नव्हता, तो निवृत्तीपर्यंतची दोन वर्षं टोनरची खोकी रचत बसला. मी एक शब्द बोलले नाही. जिन्यात भेटले की ते ‘‘नमस्कार म्याडम’’ म्हणत आणि बाजूला होऊन वाट देत. लिफ्ट तेव्हाही बंद असल्यामुळे आम्ही रोज भेटत होतो.

प्रकाशन थाटात झालं. पाहुण्यांनी नकाशापत्र हातात घेऊन ‘‘वा, काय रंग आहेत!’’ असं म्हटलं. सोसायटीनेही माझा सत्कार केला आणि नकाशापत्राची मोठी प्रत चौकटीत घालून खालच्या मजल्यावर, वीजमीटरांच्या वर लावली. येणारे-जाणारे तिच्या काचेत भांग नीट करत.

निवृत्त होऊन मला दोन वर्षं झाली तेव्हा सोसायटीने रंगकाम काढलं. रंगाऱ्याने चौकट उतरवली आणि काम झाल्यावर परत लावली. उलटी. अक्षरं उलटी दिसत होती, सूची डोक्यावर आली होती, पण सव्वा महिना कुणाच्या लक्षात आलं नाही. माझ्याही नाही, कारण आपला नकाशा लागलेला आहे एवढं माहीत असलं की माणूस त्याच्याकडे बघत नाही. मग एका दुपारी, सगळी सोसायटी झोपलेली असताना, दुसऱ्या मजल्यावरच्या केळकरांनी बेल वाजवली.

‘‘अहो मॅडम, आपल्या मंगळावर खड्डे पडलेत.’’

‘‘म्हणजे?’’

‘‘म्हणजे खड्डे. पूर्वी नव्हते. मी रोज पेपर घ्यायला उतरतो, माझं लक्ष असतं. महापालिकेचं समजू शकतो, पण आपण जरा बघायला हवं होतं.’’

मी खाली गेले. चौकट उलटी आहे हे लगेच दिसलं, आणि उलट्या चित्रात सगळंच उलटं दिसणार हेही मला माहीत होतं. विवरांचे फुगवटे झाले होते, अकराच्या अकरा टेकड्यांचे खड्डे. केळकरांना हे समजावून सांगत होते तेवढ्यात माझी नजर त्या ओळीजवळच्या एका घुमटावर गेली. मी तो घुमट म्हणून रंगवला होता. उलट्या चित्रात तो खाली गेलेला दिसणार हे ठरलेलंच होतं. पण त्याला चारी बाजूंनी वर आलेली कड होती आणि कडेबाहेर चुरा उडालेला होता. उल्का पडून झालेलं विवर असंच दिसतं. घुमटाला असला चुरा नसतो. मी त्याला घुमट म्हटलं होतं, कारण माझ्या टेकड्यांना तो शोभत होता.

‘‘काय झालं?’’ केळकरांनी विचारलं. ‘‘बसता का?’’

मी वर गेले, जुना संगणक लावला, त्या पट्टीची चिठ्ठी उघडली. सूर्य उजव्या बाजूला, खालच्या अंगाला. सकाळची वेळ. शेवाळे म्हणाले होते तसंच. टेकड्या नव्हत्याच. लाव्हाचा जमिनीखालचा बोगदा होता आणि त्याचं छत जागोजागी कोसळून एका ओळीत खड्डे पडले होते. उंची मोजणारी वेगळी माहिती असते, पण ती इतक्या लहान खड्ड्यांपर्यंत पोचत नाही. मी संध्याकाळपर्यंत खुर्चीतून उठले नाही. मला रडू आलं ते नकाशासाठी नाही. जिन्यात बाजूला होऊन वाट देणारा माणूस डोळ्यांसमोरून हलेना.

दुरुस्ती करायची ठरवली तेव्हा कळलं की आपल्याकडे चूक करण्यापेक्षा ती दुरुस्त करायला जास्त परवानग्या लागतात. संस्थेत माझ्या जागी आलेले गृहस्थ अतिशय सभ्य होते. ‘‘मॅडम, टेकडी वाढवण्याचा फॉर्म आहे. कमी करण्याचा नाही,’’ ते म्हणाले. ‘‘आणि तिकडे कोण बघायला जाणार आहे?’’ मी कोथरूडला सरांना फोन केला. सगळं सांगितलं.

‘‘रामटेके, त्या टेकड्यांचा सत्कार झालाय.’’

‘‘माझा झालाय, सर.’’

‘‘तेच ते. आता खड्डे म्हणालात तर शाल परत द्यावी लागेल.’’

‘‘देते. कपाटात घडी न मोडता ठेवलीय.’’

सहा महिने खेटे घातले. शेवटी संस्थेने सुधारित आवृत्तीला होकार दिला, बहुधा मी पुन्हा येऊ नये म्हणून. मी अकराच्या अकरा टेकड्या पुसल्या, खड्डे केले, बोगद्याची रेघ ओढली, घुमटाचं विवर केलं. भिलाऱ्यांनाही कळवलं की तुमची जागा टेकडीवर नसून खड्ड्यात आहे. त्यांनी क्षणभर विचार केला आणि म्हणाले, ‘‘म्हणजे तळघर आयतं झालं.’’ छापण्याआधीची तपासणीची प्रत हातात आली. तळाशी ‘आरेखन’ पुढे जागा कोरी होती. तिथे नाव घालायचं तर ज्याने ते काढून घेतलं होतं त्याला विचारायला हवं होतं.

शेवाळे बोपदेव घाटापलीकडे त्यांच्या गावी राहतात. मी बसने गेले, प्रतीची गुंडाळी करून. ते अंगणात सीताफळं निवडत बसले होते. मला बघून उठले, हात पुसले, ‘‘या म्याडम’’ म्हणाले, आत चहा सांगितला. मी बसायच्या आधीच सगळं बोलून टाकलं. पट्टी सकाळची होती, उजेड उलटा होता, तुम्ही बरोबर होतात, मी तुम्हाला बोलू दिलं नाही आणि नंतर तुमची बदली झाली तेव्हाही गप्प बसले. माझं चुकलं. मला माफ करा.

शेवाळे चष्मा आणायला आत गेले. प्रत ओट्यावर पसरून चार कोपऱ्यांवर चार सीताफळं ठेवली आणि वाकून बघू लागले. एकेका खड्ड्यावरून बोट नेत शेवटापर्यंत गेले आणि तिथे थांबले.

‘‘हे काय केलंत?’’

‘‘खड्डे. तुम्ही म्हणाला होतात ना.’’

‘‘धा खड्डे हायेत. हे टोकाचं टेकाडच हाय.’’

त्यांनी नखाने प्रतीवर एक सरळ रेघ ओढली, दहाव्या आणि अकराव्याच्या मधून.

‘‘सांधा हितनं जातो. हिकडची पट्टी सकाळची. हे अकरावं पलीकडच्या पट्टीत हाय, दुपारच्या. तिथं उजेड सरळ हाय. ते टेकाडच व्हतं, तुमी उगं त्याला बी खड्ड्यात घातलं.’’

सांधा दिसू नये म्हणून त्यांनी तो इतका छान बुजवला होता की तो कुठे आहे हे जगात फक्त त्यांना ठाऊक होतं. मी एकाच पट्टीची चिठ्ठी उघडली होती. उलट्या चौकटीत अकराही खड्डे दिसले, म्हणून पश्चात्तापाच्या भरात अकराही टेकड्या खड्ड्यात घातल्या होत्या.

‘‘तवाच सांगत व्हतो,’’ शेवाळे म्हणाले. आवाजात राग नव्हता. ‘‘हे टोकाचं, एवढंच झालं, आन तुमी म्हनालात, झालं तुमचं?’’

मला वर बघवेना. आतून चहा आला. तो आम्ही दोघांनी प्यायला. मी पेन काढलं, अकराव्या खड्ड्यावर काट मारली आणि बाजूला ‘टेकडी’ असं लिहिलं. मग तळाच्या कोऱ्या जागेवर बोट ठेवून विचारलं, ‘‘इथे नाव घालू का तुमचं?’’

‘‘घाला. पर आदी समदं नीट व्हऊ द्या.’’

ते पुन्हा प्रतीवर वाकले. मला एक विचारायचं होतं, पण तेच शब्द मी त्यांना एकदा सुनावले होते. तरी विचारलं.

‘‘झालं तुमचं?’’

‘‘न्हाई,’’ शेवाळे म्हणाले, आणि त्यांनी दुसऱ्या कोपऱ्यावरचं सीताफळ उचलून बाजूला ठेवलं. ‘‘हितं बी येक हाय.’’

मी पेनाचं टोपण पुन्हा काढलं आणि ऐकत बसले.